आधी गळ्यावरचं वाच

ती तेलाची डबी आधी माझ्या हातात दे. आणि तुम्ही सगळे इकडे या. मोबाइल खिशात, हातातल्या बाटल्या खाली, कॉम्प्रेसर बंद. माझं बोलणं संपेपर्यंत या शेडमध्ये एकही बाटली भरली जाणार नाही.

तू माझ्याकडे फिटरच्या ट्रेडला शिकलास. पेंटबॉलचं मैदान काढलंस, गावातल्या पोरांना काम दिलंस, मला हौसेनं बघायला बोलावलंस, त्याचं समाधान आहेच. जाळी नीट ताणून बांधली आहे. मास्क चांगल्या प्रतीचे आहेत आणि मैदानात मास्क उतरवणाऱ्याला तुमचा मार्शल शिट्टी मारून बाहेर काढतो, तेही पाहिलं. गोळीचा वेग यंत्रावर मोजता, सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवता. गोळी कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून इतका जपणारा माणूस मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असा कसा वागतो, हे मला समजेना. गोळी लागली तर अंग काळंनिळं होतं, चार दिवसांनी बरं होतं. गनला लावायची दाबलेल्या हवेची बाटली फुटली तर बरं व्हायला माणूस उरेलच असं नाही.

काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे सर उगाच चिडले असं कुणी म्हणायला नको. हा पोरगा फोन कानाला लावून उभा होता. मोकळ्या हातानं त्यानं बाटलीच्या निपलवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, बोटानं पसरले, त्याच बोटांनी नळीचा कपलर खटकन बसवला आणि व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण फिरवला. गेजचा काटा एका दमात चार हजार पीएसआयच्या, म्हणजे दर चौरस इंचाला चार हजार पौंडांच्या, पुढे गेला. बाटली हाताला पोळली तशी त्यानं ती टेबलावर आडवी टाकली आणि पुढची उचलली. मी विचारलं, तेल कशाला? तर म्हणतो, "कपलर जाम बसतो सर, तेल टाकलं की गपकन बसतो."

आता तूच सांग याला, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग का नसतो? सांग. वर्गात हा प्रश्न मी तुलाच उभा करून विचारला होता. हवा झटकन दाबली की तापते, इतकी तापते की त्यात डिझेल सोडलं तर ठिणगीशिवाय पेट घेतं. सिलिंडरमध्ये दाब तीस-चाळीस पटींवर गेला तरी एवढं होतं. तुमच्या नळीत तो तीनशे पटींवर जातो. निपलच्या आतल्या इवल्याशा पोकळीत साधी हवा आहे आणि तिच्यावर एका क्षणात तीनशेपट दाब आला, उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, तर हिशेबानं तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता धातू ओढून घेतो, हे मला माहीत आहे. पण तेलाच्या थेंबाला पेटायला क्षणच पुरतो. शिवाय तेवढ्याच जागेत ऑक्सिजनही तीनशेपट कोंबलेला असतो. म्हणजे इंधन तुम्ही घातलं, ऑक्सिजन तुम्ही घातला आणि व्हॉल्व्ह झटक्यात उघडून काडीही तुम्हीच ओढली. आजवर पेटलं नाही यात तुमची काही हुशारी नाही.

तेव्हा निपलला तेल नाही, ग्रीस नाही, डब्ल्यूडी-४० नाही, खोबरेल तर मुळीच नाही. कपलर जाम बसतो कारण त्यात मैदानातली माती आणि रंग गेलेला असतो. कोरड्या, स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसायचा. पुसूनही बसत नसेल तर आतली ओ-रिंग गेली आहे, ती बदलायची. रेग्युलेटरच्या आत जे वंगण लागतं ते कंपनीनं सांगितलेलंच, आणि ते काम ज्यानं शिकून घेतलंय त्यानंच करायचं. तेलकट हातांनी या टेबलाजवळ यायचंच नाही. वडा खाऊन आलात तर हात साबणानं धुवून या.

आणि व्हॉल्व्ह सावकाश. केसाएवढा उघडायचा, काटा हलायला लागला की थांबायचं, मग आणखी थोडा. एका बाटलीला दोन मिनिटं लागली तर लागू देत. भरताना दुसरा हात बाटलीवर ठेवा. कोमट लागली की थांबा. झटपट भरलेल्या बाटलीतली हवा तापलेली असते. काटा ४५०० दाखवतो आणि अर्ध्या तासानं थंड झाली की चार हजारांवर येतो. मग गिऱ्हाईक कुरकुर करतं, आणि तुमच्यातला कुणीतरी शहाणा पुढच्या खेपेला पाच हजारांपर्यंत भरून ठेवतो, म्हणजे थंड झाल्यावर बरोबर येईल म्हणून. हे मी कल्पनेनं बोलत नाही, आत्ता तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या तुमच्याच तोंडून ऐकलं. बाटलीवर लिहिलेला दाब २१ अंश तापमानाचा धरलेला असतो आणि ती कमाल मर्यादा असते. सकाळच्या गारव्यात ४५०० भरलेली बाटली बंद गाडीच्या डिकीत मे महिन्याच्या उन्हात ठेवली, आत पासष्ट अंश झाले, की तीच बाटली पाच हजारांच्या वर जाते. कुणी हात न लावता. मग तुम्ही मुळात पाच हजार भरली असेल तर ती कुठे जाईल, हा हिशेब प्रत्येकानं आज घरी करून आणायचा.

दाबाचा अंदाज तुम्हाला येत नाही, कारण तो दिसत नाही. घरच्या कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलोनं जास्त असतो, आणि तेवढ्यासाठी आई लहान पोरांना ओट्याजवळ फिरकू देत नाही. या काळ्या बाटलीत तो ३१६ किलो आहे. खडू आण, मांडून दाखवतो. ही ६८ घनइंचांची, म्हणजे सव्वा लिटरपेक्षाही थोडी कमी, एक लिटर शंभर मिलिलिटर. पूर्ण भरली की आत सुमारे तीनशे लिटर मोकळी हवा कोंबलेली असते. रिकामी आणि भरलेली अशी वजनकाट्यावर ठेवून बघा, तीनशे ग्रॅमहून जास्त फरक येईल. ती हवा एकदम सुटली तर साधारण ६५ ते ७० हजार ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सत्तर किलोच्या माणसाला शंभर मीटर उंच, तीसेक मजली इमारतीच्या गच्चीवर उचलून ठेवायला एवढी ऊर्जा लागते. आता रेग्युलेटर जिथे बाटलीत आवळलेला असतो तो गळा बघ. आट्यांचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर, क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटर. म्हणजे आतली हवा त्या रेग्युलेटरला सहाशे किलोंहून जास्त जोरानं बाहेर ढकलत असते. दिवसभर. टेबलावर पडलेली असतानाही. त्याला धरून ठेवतात ते फक्त आटे.

आणि काल संध्याकाळी, तू मला आत चहाला बोलावलंस तेव्हा, बाहेर हा मुलगा भरलेली बाटली व्हाइसमध्ये धरून रेग्युलेटरला पान्हा लावत होता. रेग्युलेटरमधून बारीक गळती होती म्हणून. मी हाक मारून थांबवलं तर म्हणाला, गेजवर शून्य आहे. काटा शून्यावर चिकटलेला होता. बाटली हातात घेताच वजनानं कळत होतं की ती भरलेली आहे, पण त्यानं विश्वास ठेवला तो रुपयाच्या नाण्याएवढ्या गेजवर, ज्याची काच फुटली आहे आणि आत माती गेली आहे.

या ढिलाईनं माणसं मेली आहेत. अमेरिकेत, जिथे हा खेळ १९८१ साली न्यू हॅम्पशरच्या जंगलात सुरू झाला, तिथेच. तिथे बऱ्याच गनना कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्या असत. खेळणारा गनपासून बाटली फिरवून काढायला जायचा आणि काही बाटल्यांत व्हॉल्व्हच बाटलीतून ढिला झालेला असे. म्हणजे गनचे आटे सुटण्याऐवजी व्हॉल्व्हचे आटे सुटत. व्हॉल्व्ह गनलाच चिकटून राही आणि बाटली उडे. २००४ साली कॅलिफोर्नियात मुलाचा वाढदिवस म्हणून एक आई पेंटबॉलच्या मैदानावर आली होती, खेळतही नव्हती. एका पोराच्या गनची बाटली उडाली ती तिला लागली आणि ती गेली. अशा मृत्यूंनंतर तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला जाहीर इशारा द्यावा लागला. दोष कुठल्या गूढ कारणाचा नव्हता. कुणीतरी व्हॉल्व्ह काढून परत बसवला होता आणि नीट आवळला नव्हता, किंवा तो हळूहळू ढिला होत होता आणि कुणी पाहिलं नव्हतं.

पाहायचं कसं, तर याला दहा रुपयांचं साधन लागतं. बायकांचं नेलपॉलिश. रेग्युलेटर बाटलीत नीट आवळला की दोघांवरून मिळून एक उभी रेघ ओढायची. अर्धी रेघ बाटलीच्या गळ्यावर, अर्धी रेग्युलेटरवर. दररोज सकाळी बघायचं. रेघ जुळत नसली, केसभर सरकली असली, तरी ती बाटली बाजूला. गनवरून बाटली काढताना नजर त्या रेघेवर ठेवायची. बाटली फिरतेय आणि रेग्युलेटर जागीच आहे असं दिसलं की हात थांबवायचा, बाटली उलट आवळायचीही नाही, माणसं लांब करायची आणि गन सुरक्षित दिशेला झाडून झाडून हवा संपवायची. ज्याला हे शिकवलेलं नाही त्यानं बाटली काढायची नाही. गिऱ्हाईकानं तर कधीच नाही. भरलेल्या बाटलीतून रेग्युलेटर काढणं हे काम जगात कुणाचंही नाही. आधी पूर्ण रिकामी करायची, रिकामी झाली हे दोन प्रकारे तपासायचं, मग पान्हा.

आता हा खोका. यातल्या बाटल्या एकेक करून उचल आणि गळ्यावर काय कोरलं आहे ते मोठ्यानं वाच. वाच. येत नसेल तर चष्मा लाव, मोबाइलच्या उजेडात धर. ही चांदीच्या रंगाची, हिच्यावर '३एएल १८००' असं आहे. हे काय आहे माहीत आहे? ही कार्बन डायऑक्साइडची बाटली आहे. हिची मर्यादा १८०० पीएसआय. हिच्यावर तुम्ही हवेचा रेग्युलेटर चढवला आहे, कारण आटे तेच आहेत, आणि तीन हजार भरताय. बाटलीची चाचणी तिच्या मर्यादेच्या पाच-तृतीयांश दाबाला होते. १८०० चे पाच-तृतीयांश किती? तीन हजार. म्हणजे जो दाब तिनं पाच वर्षांतून एकदा, आत पाणी भरून, बंद टाकीत, जाणकाराच्या देखरेखीखाली सोसायचा, तो तुम्ही तिला दिवसातून चार वेळा हवेनं देता आणि नंतर दहावीतल्या पोराच्या खांद्याला लावता. आटे जुळले म्हणजे वस्तू जुळली, असं मी तुला कधी शिकवलं होतं?

ती चाचणी पाण्यानं का करतात, हेही ऐका, कारण तुमच्यातल्या एकानं मघाशी "आपणच भरून बघू की, टिकली तर टिकली" असे तारे तोडले. पाणी जवळजवळ दबत नाही. पाण्यानं भरलेली बाटली फुटली तर तडा जातो, पाणी सांडतं, संपलं. हवेनं भरलेली फुटली तर मघाशी मांडलेली सगळी ऊर्जा सुटते. चाचणीत बाटली पाण्याच्या टाकीत बसवून दाब वाढवतात, ती किती फुगली ते मोजतात, दाब काढल्यावर किती मूळ आकाराला आली ते मोजतात. एकूण फुगवट्यापैकी दहा टक्क्यांहून जास्त फुगवटा कायमचा राहिला की बाटली बाद. धातू थकला आहे हे असं कळतं. डोळ्यांनी कळत नाही आणि हवा भरून बघून तर फक्त शेवटच्या वेळी कळतं.

अॅल्युमिनियमच्या बाटलीला दर पाच वर्षांनी ही चाचणी. कार्बन फायबर गुंडाळलेल्यांना त्यांच्या मान्यतेत लिहिलं असेल तसं, तीन किंवा पाच वर्षांनी, आणि बहुतेकांचं एकूण आयुष्य पंधरा वर्षं. पंधरा झाली की कितीही चकचकीत दिसली तरी बाद. तुझ्या खोक्यात या सहा बाटल्यांवर शेवटचा शिक्का २०१६ चा आहे. दोन बाटल्यांवर तर स्टिकर चिकटवून शिक्काच झाकला आहे. स्टिकर तुझ्या मैदानाच्या नावाचं आहे. ते पाहून मला काय वाटलं ते मी पोरांसमोर बोलणार नाही.

"सर, या छोट्या बाटल्यांना कोण विचारतंय" हे तू म्हणालास, ते मी ऐकून घेतलं. आता तू ऐक. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ आहेत आणि ते कुठल्या कायद्याखाली आहेत ठाऊक आहे? १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली. सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या वायूचा कारभार सुरुंगाच्या दारूच्या शेजारी बसवला आहे, तो उगाच नाही. पाचशे मिलिलिटरच्या वरची बाटली त्या नियमांत सिलिंडर ठरते. तुझी लहानात लहान भाड्याची बाटली ४८ घनइंचांची, पाऊण लिटरच्या वर. ती आयात करायला मान्यता लागते, भरायला आणि साठवायला नियम आहेत, आणि चाचणीची मुदत टळलेली बाटली भरायचीच नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. हे सगळं बघणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय परदेशात नाही, नागपूरला आहे. मराठीत बोललास तरी समजेल त्यांना. तुला कुठला परवाना लागतो, कुठला नाही, हे त्यांना लेखी विचार. स्वस्त पडतं म्हणून कुणाच्या तरी सामानातून आलेल्या, कसलीच खूण नसलेल्या बाटल्या घेताना तू कुणालाही विचारलं नव्हतंस.

बर्स्ट डिस्कबद्दल, म्हणजे दाब हाताबाहेर गेला की स्वतः फुटून हवा सोडणाऱ्या चकतीबद्दल, फार बोलत नाही, कारण तिथे अज्ञान नाही, सरळ बेपर्वाई आहे. रेग्युलेटरवर दोन असतात. एक बाटलीच्या बाजूची, ४५०० च्या बाटलीला ७५०० ची, तीन हजारांच्या बाटलीला पाच हजारांची. दुसरी गनच्या बाजूची, १८०० ची, रेग्युलेटरची आतली सीट गेली आणि पूर्ण दाब गनमध्ये शिरायला लागला तर फुटण्यासाठी. दोन्ही दिसायला सारख्या, म्हणून बदलताना वरचा आकडा वाचावा लागतो. आडवी भोकं पाडलेली असतात ती हवा दोन्ही बाजूंनी सुटावी आणि बाटली एका दिशेला उसळू नये म्हणून. तुझ्या एका रेग्युलेटरवर डिस्कच्या जागी साधा भरीव बोल्ट आहे, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवलेला. डिस्क फुटली, नवीन यायला आठवडा लागणार होता, शनिवारचं बुकिंग होतं. पूर्ण कहाणी मला न सांगताच कळली. डिस्क फुटली म्हणजे तिनं कुणाचा तरी जीव वाचवला होता. ती का फुटली हे शोधायचं सोडून तू भोक बुजवलंस.

आणि या पाच लाल बाटल्या. सुंदर दिसतात, मैदानाच्या फलकाशी रंग जुळतो. पावडर कोटिंग कुठे केलंस, भोसरीला? ओव्हनला किती तापमान होतं विचारलंस? पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांवर पक्कं करतात. या बाटल्यांचं अॅल्युमिनियम ६०६१, टी-६ टेंपरचं. ते टेंपर आणतातच मुळी पावणेदोनशे अंशांच्या आसपास ठरावीक वेळ ठेवून. त्यावर पुन्हा ओव्हनमध्ये घातलं की ताकद उतरते. वरून रंग, आतून मऊ पडलेला धातू. अमेरिकेच्या नियमात तर १७७ अंशांवर तापलेली अॅल्युमिनियमची बाटली सरळ बाद धरतात, आगीत सापडलेल्या बाटलीसारखी. हीट ट्रीटमेंटचा तास तू बुडवला नव्हतास, मला आठवतं. म्हणून तुला माफी नाही, या पोरांना आहे.

कार्बन फायबरच्या बाटल्यांना कव्हर घातलं आहेस, चांगलं केलंस, पण कव्हर कधी उतरवून पाहिलंस का? या काळीवर खालच्या बाजूला नख अडकेल एवढा चरा आहे आणि दोन-चार धागे उभे राहिलेत. आतलं अॅल्युमिनियमचं अस्तर पातळ असतं, दाब सोसतो तो हा धागा. धागे तुटले की भार उरलेल्यांवर. ही जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय भरायची नाही.

"आजवर काही झालं नाही ना सर?" हे वाक्य मला आज दोनदा ऐकवलंत. प्रत्येक वेळी भरली की बाटली किंचित फुगते, रिकामी झाली की आकसते. स्टीलला असा एक ताण असतो ज्याच्या खाली ते जवळजवळ कितीही वेळा सोसतं. अॅल्युमिनियमला तशी ठाम मर्यादा नाही. प्रत्येक भरणं त्याच्या आयुष्यातून वजा होतं. हौशी खेळाडू रविवारी एकदा भरतो. तुमच्या भाड्याच्या बाटल्या दिवसातून चार-पाच वेळा भरल्या जातात. तेव्हा काही झालं नाही याचा अर्थ ती सुरक्षित आहे असा होत नाही, ती तेवढी जास्त वापरली गेली आहे एवढाच होतो.

आता जरा गन उचल आणि खेळताना धरतात तशी धर. खांद्याला काय टेकलंय? बाटली. गालापासून किती लांब आहे? वीत, दीड वीत. मास्क डोळे वाचवतो, गळा वाचवत नाही. इथे येणारी आयटीची पोरं, शाळेची सहल, कुणाचं लग्न ठरलं म्हणून आलेला मित्रांचा घोळका, यांच्यातल्या कुणालाही त्या बाटलीत काय आहे ते ठाऊक नसतं. ते तुमच्याकडून मास्क घेतात, गन घेतात, तुमच्या सहीच्या कागदावर न वाचता सही करतात आणि खांद्याला बाटली लावून पळत सुटतात. वाचायचं काम त्यांचं नाही. वाचता येणारी माणसं इथे तुम्ही आहात, म्हणून ते तुमचं आहे. तुम्ही वाचत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं ते यामुळे की तुमच्यातल्या प्रत्येकाला वाचता येतं.

आता काय करायचं ते लिहून घ्या. आजपासून भरायचं काम दोघांचंच, बाकी कुणी टेबलाच्या आत यायचं नाही. टेबलावर वही. प्रत्येक बाटलीला नंबर, त्यापुढे गळ्यावरची मर्यादा, बनवल्याचं वर्ष, शेवटच्या चाचणीची तारीख, आणि भरणाऱ्याची सही. गळ्यावरचं वाचता येत नसेल, स्टिकर असेल, आकडे घासले गेले असतील, तर ती बाटली भरायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो. एखाद्या खेळाडूनं स्वतःची बाटली आणली तरी हाच नियम, तो चिडला तर चिडू दे. भरणाऱ्यानं डोळ्यांवर गॉगल, पायात बूट, फोन कपाटात. भरताना बाटलीचं तोंड किंवा बूड कुणाच्या दिशेला असता कामा नये. नळीतली हवा सोडल्याशिवाय कपलर ओढायचा नाही. बाटली गरम असेल, गेज फुटलेलं असेल, रेघ सरकली असेल, बाजूला. 'बाजूला' म्हणजे त्या खोक्यात नाही, कुलपाच्या कपाटात.

मुदत संपलेल्या या सहा रिकाम्या करून अधिकृत चाचणी केंद्राकडे पाठव, ते सांगतील ते ऐक. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्यांवरचे हवेचे रेग्युलेटर आज उतरतील, मोकळ्या करून, माझ्यासमोर. लाल पाचही आणि खूण नसलेल्या सगळ्या बाद. कोपऱ्यात ठेवू नकोस, कुणीतरी पुन्हा उचलेल, भंगारवाल्याकडे जाऊन दुसऱ्या मैदानावर पोचेल. रिकाम्या करून, रिकाम्या झाल्याची खात्री करून, मधोमध कापायच्या. पैशाचं नुकसान होईल, होऊ दे. एवढ्या बाटल्यांचे पैसे तू एका मोसमात परत मिळवशील. करवत कुठे आहे? काढ. आणि त्याआधी प्रत्येक लाल बाटलीचा काटा मला दाखव, नुसता सांगू नकोस.